गिरिजाचं लग्न आणि अप्पांचं दुखणं

"हंटिंग्टन्स डिसीज," डॉक्टर म्हणाले. "घराण्यातून येतो. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. बरं करणारं औषध नाही."

माझे वडील, अप्पा, शेजारीच बसले होते. खांदे आपोआप उडत होते, बोटं नाचत होती. साठीनंतर हे सुरू झालं. कमरीपेठेतल्या आमच्या कापड दुकानात गिऱ्हाइकं कुजबुजायची, म्हातारा प्यायला लागला की काय! जन्मात सुपारी न खाल्लेला माणूस तो! आईनं देवीचा कोप समजून ओट्या भरल्या.

"आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता," डॉक्टर पुढं म्हणाले. "जनुकात, म्हणजे बीजातच, खूण असते. रक्तावरून कळते." रक्त तेव्हा बेंगळूरला पाठवावं लागे. अप्पांना मुलं दोनच, मी आणि शेंडेफळ विनायक. आणि माझ्या लेकीचं, गिरिजाचं, लग्न ह्याच विनायकशी ठरलेलं.

परक्यांना नवल वाटेल, पण आमच्याकडं भाचीवर पहिला हक्क मामाचा. पोर घरातच राहते म्हणून सगळे खूश. मी मात्र रात्रभर हिशेब मांडत बसले. दोन्हीकडून तेच बीज!

विनायकला म्हटलं, चल, दोघंही रक्त देऊ.

"बेड, नको अक्का," तो म्हणाला. "हात धड आहेत तोवर कापड मोजू दे. मला नाही कळून घ्यायचं."

मी दिलं. रिपोर्ट येईपर्यंत चहाचा कप उचलला तरी आधी स्वतःची बोटं बघायची. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, ती वाट बघणं फार वाईट. एकट्यानं बसू नका.

माझ्यात खूण निघाली नाही. म्हणजे गिरिजाही सुटली! दवाखान्याच्या पायरीवर ढसाढसा रडले, आणि घरी येऊन लग्न मोडलं.

आई कडाडली, "न तपासताच माझ्या लेकाला रोगी ठरवलंस की गं!"

विनायकनंच तिला गप्प केलं. गिरिजासाठी केलगेरीचं स्थळही त्यानंच आणलं. अप्पा तोवर अंथरुणाला खिळले होते.

नवरा म्हणून उभा राहायचा होता तोच, मामा म्हणून तिला हाताला धरून बोहल्याकडं घेऊन आला. त्याची बोटं मला हलल्यासारखी वाटली. भास असेल, काय की. माझी नजर निघेना. जाता जाता तो हळूच म्हणाला, "अक्का, माझ्या हाताकडं बघू नको. पोरीकडं बघ."

मी पोरीकडं बघितलं. रडत होते ते मात्र त्याच्यासाठी.