आरसा, एसटी आणि इरण्णाचा हिरवा लेझर

मंडळी, आज संध्याकाळी सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा गोळा करत होते. शेजारच्या गच्चीवरून इरण्णा उतरत्या विमानावर हिरवा लेझर मारत होता. इरण्णा म्हणजे दोन लेकरांचा बाप, कापडाचं दुकान चालवतो.

"कशाला रे?"

"मजा की, मावशी! एवढ्या लांब काय होतंय त्याला?"

हेच वाक्य मी पंचाहत्तर सालच्या आसपास बोलले होते.

आमची वस्ती मोडनिंबजवळ, रस्त्यापासून आत. सकाळची एसटी चुकू नये म्हणून आम्ही लांबूनच आरसा चमकवायचो. ड्रायव्हर ओळखायचा, थांबायचा. एके दिवशी मला कॉलेजला उशीर झाला होता, म्हणून मी उजेड थेट त्याच्या काचेवर धरून ठेवला. गाडी रस्ता सोडून कडेच्या चारीत उतरली. नशिबानं कुणाला लागलं नाही.

ड्रायव्हर माझ्यापर्यंत चालत आला. मी म्हणाले, "एवढ्या लांबून काय होतंय?"

तो ओरडला नाही. त्यानं मला गाडीपाशी नेऊन आपल्या सीटवर बसवलं आणि कंडक्टरला आरसा देऊन लांब समोरून काचेवर उजेड धरायला लावला. "आता रस्ता कुटं हाय सांग," म्हणाला. मला हातातलं स्टिअरिंगसुद्धा दिसेना.

हे ऐकून इरण्णानं लेझर खिशात घातला. पटलं की नाही, माहीत नाही.

तो ड्रायव्हर निदान खाली उतरून माझ्यापर्यंत आला. वरचा पायलट कसा येणार?