उघडा 'उ'

माझं नाव 'उ'वरून सुरू होतं. बाकीचं नाव इथे सांगायची गरज नाही, कारण माझं सगळं आयुष्य त्या पहिल्या अक्षरापाशीच अडलेलं होतं. कुणी नाव विचारलं की ओठ पुढे यायचे, गळ्यात आवाज दाटायचा आणि तिथेच बसायचा. समोरचा आधी हसायचा, मग कळवळायचा, आणि तेवढ्यात शेजारचं कुणीतरी माझं नाव सांगून मोकळं व्हायचं. आळीतली पोरं मला तोतरी म्हणत, ते परवडलं. पण माझा शब्द माझ्या तोंडातून उचलून नेणाऱ्या भल्या माणसांचा मला असा संताप यायचा की पायच जमिनीवर ठरत नसत.

सोळावं सरत होतं. देवरुखाकडचं एक स्थळ येऊन गेलं होतं. त्यांनी नाव विचारलं, मी 'उ'वर अडकले, त्यांनी पोहे संपवले आणि उठले. नंतर कुणी नकार कळवायची तसदीही घेतली नाही. विहिरीवर एक बाई दुसरीला मुद्दाम मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तोतरीच्या किती ती मोजा." आई त्या दिवशी जेवली नाही. मी जेवले, पण मागच्या आगरात माडांच्या ओळीतून चकरा मारत, हातात भाकरी घेऊन.

त्याच साली माझा मोठा भाऊ मुंबईहून कॉलेजच्या सुट्टीला आला आणि तापाने आडवा झाला. उठून बसेपर्यंत पावसाळ्यामुळे आगबोटी बंद. घाटावरून मोटारीने जायला वडिलांनी अशक्तपणापायी मना केलं. दादाला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. तो ओटीवर येरझारा घालायचा, मी माजघरात. आई म्हणायची, "दोन वाघ पाळलेत हो मी, एक भायेर नि एक आत."

दादाने मुंबईच्या फुटपाथवरून एक व्याकरणाचं पुस्तक आणलं होतं. भाषा पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांची, एवढं आतल्या प्रस्तावनेवरून कळत होतं. पण त्या लोकांच्या दहा-बारा भाषा, आणि पुस्तकाची पहिली पानंच गायब, त्यामुळे नेमकी कुठली ते कळेना. दुसरा कुणी असता तर त्याने पुस्तक फेकून दिलं असतं. दादा म्हणाला, "मग सगळ्यांची मिळून एकच करू. भाऊबंदकीत आपण विहीर तरी सामाईक ठेवतो की नाही? तशी त्यांना एक सामाईक भाषा." रत्नागिरीच्या ओटीवर बसून युरोपातल्या भावाभावांचे तंटे मिटवायला निघाला होता शहाणा! मी हसले, पण मला करायला दुसरं होतं तरी काय? मी पाटी घेऊन समोर बसले.

पुस्तकात अक्षरं होती, पण आवाज कुठून आणायचे? राजिवडा बंदरावरचा एक म्हातारा खलाशी, सगळ्यांचा चाचा, वडिलांच्या ओळखीचा होता. त्याची बोट एकदा स्लाव मुलखातल्या बंदरात महिनाभर अडकली होती. दादाने त्याला पकडून ओटीवर बसवला. "ते लोक नाय कसं म्हणतात, सांगू?" चाचा म्हणाला, "न्येत. पन तो न आपला नाय. भिजवलेला न हाय तो."

दादा उडालाच. त्या दिवसापासून आमच्या घरात अक्षरं ओली आणि सुकी झाली. सुका न, आणि 'य' मुरलेला ओला न. सुका ल, ओला ल. ओल्या अक्षराखाली दादा पाण्याचा थेंब काढायचा. आईला त्या सगळ्या खटाटोपातलं एवढंच पटलं. मासळी ओली असते, सुकी असते, मग अक्षरांनी काय पाप केलंय?

मग 'च'चं प्रकरण निघालं. "चिंच म्हण," दादा म्हणाला. म्हटलं. "पहिला च आणि दुसरा च एकच का?" मी पुन्हा म्हणून पाहिलं. एकच नव्हते! पहिला टाळूला लागत होता, दुसरा दातांना. जन्मभर चिंचा खाल्ल्या आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, स्लावांकडे दोन वेगळी अक्षरं. दादाने दाताच्या 'च'ला शेंडी काढली, 'जाळ'मधल्या 'ज'लाही काढली. पुढच्या आठवड्यात शेंड्या पुसल्या आणि शेपट्या लावल्या. त्याची वर्णमाला एका जागी राहत नसे, त्याच्यासारखीच. मी चिडून पाटी आपटायची आणि परत उचलायची.

आणि मग तो नियम आला. आमच्या स्लावमध्ये कुठलाही शब्द उघड्या स्वराने सुरू करायचा नाही. स्वराच्या पायात आधी 'य' किंवा 'व'ची वहाण. "आपल्या खेड्यातली माणसं एकला येक म्हणतातच," दादा म्हणाला. "आपण अर्धे स्लाव आहोत."

मी माझं नाव 'व' घालून म्हटलं. ते आलं. एका दमात, न अडकता. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. मी परत म्हटलं, दहादा म्हटलं, ओरडून म्हटलं. आई पळीसकट बाहेर आली. त्या भाषेत मी खोटं खोटं भांडले, बाजारातून मासे आणले, दादाला शिव्या दिल्या, आणि एकदाही त त प प झालं नाही. त्या भाषेत मला कधी कुणी हसलं नव्हतं. मला दुसरं कारण सापडत नाही. मला फार, फार आनंद झाला होता, आणि तो खोटा आहे की काय या भीतीने झोप येत नव्हती.

बोटी सुरू झाल्या, पण दादाचं कॉलेजचं वर्ष बुडालंच होतं, म्हणून तो घरीच राहिला. दसऱ्यानंतर कोल्हापूरकडचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, आईवेगळा, आत्याने वाढवलेला. या वेळी आईनेच दादाला सांगितलं, "तुझा तो व की काय, तो शिकव हो तिला नीट. हेही उठून गेले तर मी कुणाला तोंड दाखवू?" मग आठ दिवस मी घरभर फिरत स्वतःचं नाव वहाण घालून म्हणत होते.

पाहुणे बसले. मास्तर खाली मान घालून होते. आत्याबाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

मी डोळे मिटून आमच्या स्लावमध्ये शिरले आणि सांगितलं. एका दमात. आईचा सुटलेला श्वास मला पाठीमागे ऐकू आला. पुढचेही प्रश्न झाले. स्वयंपाक, शिवण, वाचन. जिथे धोका दिसला तिथे मी 'य' नाहीतर 'व' पुढे केला आणि निसटले.

आत्याबाई खूश झाल्या. "पोरगी बोलकी आहे," त्या म्हणाल्या. मला बोलकी म्हणणारं ते पहिलंच माणूस. "नाव तेवढं लग्नात बदलून टाकू. वु कसलं बाई! कोकणी हेल नुसता. चारचौघांत हाक मारायची लाज वाटेल."

घाटावरच्या माणसांना आमची स्लाव कोकणी वाटली! एरवी दादा आणि मी लोळून हसलो असतो. पण माझं डोकं फिरलं. ज्या नावासाठी इतकी वर्षं जीव काढला, ते यांनी ऐकलंही नव्हतं आणि पुसायला निघाल्या होत्या.

"माझं नाव वु नाही," मी म्हटलं. हे स्वच्छ आलं.

"मग काय?"

मी वहाण काढली. ओठ पुढे आले, गळा दाटला आणि 'उ' बसला. दारात दादा नुसत्या ओठांनी 'व, व' करत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आत्याबाईंचे डोळे मोठे झाले. आईने घाईघाईने तोंड उघडलं, "तिचं नाव ना..."

"थांबा," मास्तर म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली होती. "त्यांना सांगू दे."

कुणी थांबलं की जास्तच अडकतं, हे त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? मला घाम फुटला. शेवटी तो 'उ' आला, दोनतीनदा तुटून, आणि त्याच्यामागून बाकीचं नाव.

"बरं आहे की," ते म्हणाले आणि पुन्हा खाली बघू लागले.

होकार आला तरी माझा विश्वास बसेना. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. मास्तरांनी माझं होतं तेच लिहिलं. भटजी म्हणाले, "अहो, हे तर माहेरचंच. नवं लिहायचं."

"हे म्हणायला त्यांना किती कष्ट पडतात ते मी बघितलंय," मास्तर म्हणाले. "आता दुसरं कशाला?"

मला हमसून रडू आलं. बायका एकमेकींना म्हणाल्या, माहेर सुटतंय ना, रडायचीच.