डाव्या पायाचं काय करायचं

जुनी गाडी मोडीत गेली तेव्हा नवी गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक, एवढाच प्रश्न होता. मुलीने परदेशातून फोनवर निकाल दिला, "बाबा, गुडघा बघा. ऑटोमॅटिकच घ्या." घरात मी एकटा असल्यामुळे दुसरं मत मिळेना. मी ट्रायल घ्यायला लागलो.

शोरूममधल्या विक्रेत्या बाई मनवेलपाड्याच्या, पस्तिशीच्या. शेजारी बसून त्या गाडीचे गुण कमी आणि सासूचे अवगुण जास्त सांगत. सातिवलीच्या रस्त्यावर ऑटोमॅटिक चालवताना पुढचा कंटेनर थांबला, सवयीने क्लच शोधणारा माझा डावा पाय ब्रेकवर पडला आणि आम्ही दोघेही पट्ट्यात लटकलो.

"काका, डावा पाय घरीच ठेवून या."

"घरी तरी त्याला कोण विचारतंय?"

त्या हसल्या. मी दुसऱ्या दिवशीची ट्रायल मागून घेतली.

गिअरच्या गाडीत पुलाचा चढ आला की कान इंजिनाकडे जातो, हात आपोआप दुसऱ्या गिअरवर. ऑटोमॅटिक हाच निर्णय न विचारता घेते. बरोबर घेते, हेच खटकतं. पण खरं सांगायचं तर माझं मत पहिल्याच दिवशी झालं होतं. ते सांगितलं की ट्रायल बंद होणार होत्या.

पाचव्या खेपेला बाई सासूबद्दल काही बोलल्या नाहीत. "काका, गाडी घ्यायचीय ना नक्की? मला महिन्याचं टार्गेट असतं."

मला लाज वाटली. गिअरची बुक केली.

"आणि गुडघा?"

"दुखू दे. ऑटोमॅटिकमध्ये विचार करायला फार वेळ मिळतो."

ताबा घ्यायच्या दिवशी गाडीवर लाल साटिनचं कापड, हातभर लांब पुठ्ठ्याची किल्ली आणि टाळ्या वाजवायला सात कर्मचारी. एखाद्या लहान संस्थानाचा राज्याभिषेक याहून साधेपणाने झाला असता. फोटोवाला म्हणाला, "फॅमिलीला बोलवा ना." कोणी काही बोलायच्या आत बाईंनी येऊन किल्लीचं दुसरं टोक धरलं. फोटो झाला. तेवढ्यात त्यांना नवं गिऱ्हाईक आलं.

केकचा खोका, नारळ आणि मिठाईची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून मी निघालो. उमेळ्याच्या वळणावर गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी अलगद गेली की कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. पण गाडी मघापासून टुंग टुंग करत होती. शेजारी बसलेल्याने पट्टा लावलेला नाही, अशी तिची तक्रार होती.

मी गाडी बाजूला घेतली आणि केकला पट्टा लावला.