मावशींची न भरलेली सहा वर्षं

अड्याळजवळच्या राइस मिलमध्ये मी तांदूळ निवडायला होते. दर महिन्याच्या पगारातून आमचा पीएफ कापला जायचा. माझ्याशेजारच्या मावशींनी अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर काम सोडलं. पंधरा दिवसांनी त्या फाटकाशी उभ्या दिसल्या.

"मिलनं माह्ये सहा वर्षांचे पैसे भरलेच नाही म्हणते पीएफ हापिसवाले वं बाई. दहा वर्षं पुरी होत नाही म्हणते. आता पेन्शन भेटत नाही."

मिलचा हिशेब पाहणाऱ्या दिवाणजींनी जुन्या मालकावर ढकललं.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकू लागली. ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात जाऊन मी माझं पासबुक काढलं. सगळं जमा होतं. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा गेले.

हे दिवाणजींच्या कानावर गेलं. "काहून तपासून राहिली? तुह्ये पैसे पळून जातेत का?"

"मावशीच्या पैशाले तरी कुठं पाय होते?" मी म्हटलं, आणि त्याच आठवड्यात मावशींच्या पीएफ ऑफिसला द्यायच्या तक्रार अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली.

वर्षभराने मिलने पैसे भरले. पहिली पेन्शन आली तेव्हा मावशींनी मला बँकेत सोबत नेलं आणि काउंटरवरच्या साहेबांना तीनदा विचारलं, "पुढच्या महिन्यातबी येईन ना?"