चाळीखाली काय चावलं

पिंपळवंडीच्या शीलाला घाबरट म्हणणारे पुष्कळ होते. चप्पल झटकल्याशिवाय ती पाय घालायची नाही, काठीनं हलवल्याशिवाय सरपण उचलायची नाही. सून वृषाली नवीन होती तेव्हा गालात हसायची. मग तिला कारण कळलं.

शीला लहान असताना तिची आई चिमाबाई जमिनीवर निजली होती. सकाळी म्हणाली, पोटात दुखतंय, डोळे उघडवत नाहीत. अंगावर चावल्याची खूण कुठंच नव्हती. दुपारपर्यंत ती गेली. नंतर गोधडीच्या घडीत मण्यार सापडली.

यंदा मंचरला कांदा न्यायला निजामचा टेम्पो दुपारीच आला. घरामागच्या कांदाचाळीतून कांदा पोत्यात भरताना थोडे कांदे फळ्यांमधून खाली गळले. चाळ जमिनीपासून हातभर उंच, खाली उसाचं पाचट साचलेलं. शीलानं खाली काठी आपटली, वाकली आणि पाचटात हात घातला. सुई टोचावी तसं झालं. हात बाहेर ओढला तर करंगळीवर रक्ताचे बारीक ठिपके.

"काय व्हतं?" नवऱ्यानं, हौशीरामनं विचारलं.

"दिसलं न्हाई."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. हौशीरामनं शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. वाटेत शीला एकच विचारत होती, "अवो, माझ्या पापण्या पडत्यात का बघा." तो बघायचा आणि नाही म्हणायचा. तिचा विश्वास बसत नव्हता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रक्त काचेच्या नळीत घेऊन गोठतंय का ते पाहिलं. रक्त गोठलं.

"मग घोणस न्हाई ना?" हौशीरामनं विचारलं.

"आत्ता तरी तसं दिसत नाही. पण मण्यार असेल तर ती रक्तात दिसत नाही. मावशींना इथंच ठेवू या, लक्ष ठेवू."

मण्यार हे नाव शीलाच्या कानावर पडलं. छाती भरून आली की श्वास अडकतोय, तिला कळेना. मण्यारीचं विष चढलं तर मान धरवत नाही, म्हणून नर्स मान उचलायला सांगायची, ती उचलायची. नर्स गेली की पुन्हा आपणच उचलून बघायची.

तिकडे घरी निजामनं लांब बांबूनं पाचट ओढायला सुरुवात केली. वृषाली मागं उभी. आतून कस्तुरीसारखा उग्र दर्प आला, चिकचिक आवाज झाला, आणि राखाडी, लांबुळकं काहीतरी वळवळत बाहेर निघालं. निजामनं बांबू उगारला.

"थांबा, निजामभाऊ," वृषाली म्हणाली. "त्याला पाय हायेत."

ती चिचुंद्री होती. तिच्या शेपटीच्या बुडाला एका पिल्लानं तोंडात धरलं होतं, त्याला दुसऱ्यानं, त्याला तिसऱ्यानं. अशी सगळी माळ भिंतीच्या कडेनं एका चालीत पळत होती. आई वळली की माळ वळायची. निजामनं मोबाइलवर चित्रण केलं आणि हौशीरामला पाठवलं.

डॉक्टरबाईंनी ते पाहिलं. "हिला दिसतं फार कमी. तोंडाशी काही आलं की चावते. पिल्लं जवळ असतील तर नक्कीच. हिच्या चाव्यानं माणूस मरत नाही. पण हीच चावली, असं मला छातीठोक सांगता येणार नाही. रात्र जाऊ द्या."

त्या रात्री शीला झोपली नाही. डोळे मिटले तर ते उघडणार नाहीत, असं तिला वाटत होतं. काहीच लक्षण दिसलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर डॉक्टरबाईंनी तिला घरी सोडलं.

हौशीरामनं चिचुंद्रीसाठी विषाची पुडी आणून ठेवली होती. शीलानं ती उचलून त्याच्या हातात परत दिली.

"नगं," ती म्हणाली. "पिल्लं बारकी हायेत."

"आन पुन्यांदा चावली मंजी?"

"मी हात घालनारच न्हाई."

वृषालीनं सांगितलं, ही कांदा कुरतडत नाही, झुरळं नि किडे खाते. वीसेक दिवसांत पिल्लं मोठी झाली आणि कुठं कुठं पांगली. चिचुंद्री मात्र तिथंच राहिली. संध्याकाळी ती भिंतीच्या कडेनं चिकचिक करत निघते, तेव्हा शीला अजून दचकते, पाय वर घेऊन खाटेवर बसते. ती लांब गेली, आवाज थांबला, की मगच खाली उतरते.