धोतराला चिकटलेला आघाडा

आमच्या गल्लीत भूत आहे हा शोध मी लावला, आणि त्या वेळी मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी होतो.

गोष्ट अकोल्याची, सत्तावन्न-अठ्ठावन्न सालाच्या आसपासची. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आम्हा प्रत्येकाला चाळीस झाडं जमवायला सांगितली होती, आणि तीही रानात जाऊन नाही, आपल्याच घराभोवती रोज सकाळी फिरून. झाड मुळासकट उपटायचं, रद्दीत दाबून वाळवायचं, वहीत डकवायचं आणि खाली आपलं निरीक्षण लिहायचं. "डोळे उघडे ठेवून चाला," असं सर म्हणाले आणि मी ते फारच मनावर घेतलं. पंधरा दिवसांत गल्लीतली एकदांडी, टाकळा, रुई, धोतरा, झालंच तर समोरच्या गार्डसाहेबांच्या न्हाणीमागचा केना, सगळं माझ्या गादीखाली दाबून झालं होतं. कोणाच्या भिंतीवर कोणती बकरी किती वाजता चढते हेसुद्धा मी सांगू शकत असे (कोणी विचारत नव्हतं, ही गोष्ट वेगळी).

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. आईला ताप येत होता. एक दिवसाआड, बरोबर दुपारी तीन वाजता. आधी थंडीनं दात वाजत, मग अंग भाजून निघे, मग घाम फुटून ती नुसती पडून राही. महिना होत आला तरी डॉक्टरांच्या कडू गोळ्यांना ताप दाद देत नव्हता. तिनं पाण्यासाठी हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरत. मला ते बघवत नसे.

आमचे वडील, दादा, वकील होते. ते बोलत. कोर्टात तर बोलतच, पण दाढी करताना, जेवताना, न्हाणीघरात बंबाशीसुद्धा बोलत. दूध घालणारी मैनाबाई एकदा आईच्या उशाशी बसून काही कुजबुजताना दिसली, तर दादांनी उंबऱ्यातच उभं राहून अर्धा तास भाषण दिलं. "माझ्या घरात ताईत-मुळ्या चालणार नाहीत. हे विसावं शतक आहे," हा त्याचा समारोप. आईनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि कूस बदलली.

त्यानंतरच्या रविवारी पहाटे मी फिरायला निघालो. कार्तिकातलं धुकं होतं. रात्रभर जिनिंगकडे कापसाच्या गाड्या गेलेल्या, त्यामुळे कुंपणाच्या बाभळीकाट्यांना कापसाचे पुंजके लोंबत होते, आणि वारा नसताना त्यातला एखादाच हलत होता. बंद पडलेल्या तेलघाणीच्या भिंतीशी मी थांबलो. तिथे आघाड्याचं एक झाड होतं. त्याच्या बुंध्याला तांबडा दोरा बांधलेला होता. मोजला, सात पदरी होता. मुळाशी हळद, कुंकू आणि ओले तांदूळ. काल सकाळी यातलं काही नव्हतं.

अंगावर काटा आला. पण शास्त्राचा विद्यार्थी काट्याला भीक घालत नाही. मी ते झाड दोऱ्यासकट उपटलं आणि घरी येऊन गादीखाली ठेवलं.

पुढच्या रविवारी दुसरा आघाडा, तसाच दोरा, तशीच हळद. फक्त आता जागा गल्लीच्या तोंडाशी, आमच्या घराच्या बरीच जवळ. मी तोही उपटला. उठून वळतो तो काय, वीस पावलांवर कडुनिंबाखाली कोणीतरी उभं होतं. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत काळी घोंगडी, आत तोंड दिसत नव्हतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

उत्तर नाही. ती आकृती माझ्या हातातल्या झाडाकडे बघत राहिली. मग तिनं एक लांब उसासा टाकला (इतका दुःखी उसासा मी जिवंत माणसाचा ऐकला नव्हता), आणि वळून धुक्यात गेली.

मी उलट्या बाजूनं, वखारीला वळसा घालून घर गाठलं. दादा अंथरुणात डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते. मी त्यांना हलवून सगळं सांगितलं. पांघरुणातूनच आवाज आला, "भूतबीत काही नसतं. आणि तू दिसेल ते झाड उपटत जाऊ नकोस." धोतराचा सोगा पांघरुणाबाहेर आला होता आणि त्याला आघाड्याची कुसळं चिकटली होती. डोळे उघडे ठेवायचे असल्यामुळे मी ती लगेच टिपली. वहीत लिहिलं: 'आघाडा. बीजप्रसार धोतराद्वारे होतो.' आणि दुसऱ्या कामाला लागलो.

दुसरं काम म्हणजे गल्ली जागी करणं. समोरचे गार्डसाहेब चांदूर रेल्वेला गार्ड म्हणून निवृत्त झालेले, शिट्टी अजून गळ्यात. मी त्यांना शनिवारी संध्याकाळी गल्ली दाखवायला नेलं, आणि आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. तिसरा दोरा आमच्याच घराच्या मागच्या भिंतीला लागून उगवलेल्या आघाड्याला होता.

"विनू," गार्डसाहेब हळूच म्हणाले, "तुह्या मायचा ताप काहून उतरत नाई, ते आता समजलं मले. हे करणी हाय बाप्पा."

तोवर ही माझ्या वहीतली गंमत होती. आता कोणीतरी पावलापावलानं माझ्या आईपर्यंत येत होतं. गल्लीतल्या चार पुरुषांची बैठक बसली आणि पहाटे साडेपाचला दबा धरायचं ठरलं. दादांनी त्याविरुद्ध तासभर युक्तिवाद केला. थंडी, सर्दी, पीनल कोड, सगळं काढलं. शेवटी एकदम शांत होऊन त्यांनी विचारलं, "साडेपाच म्हणजे नक्की साडेपाच ना?"

पण गार्डसाहेब उभ्या आयुष्यात कुठेही वेळेच्या पाऊण तास आधी पोचल्याशिवाय राहिले नव्हते. पावणेपाचलाच आम्ही भिंतीआड बसलो होतो. धुकं इतकं, की शेजारच्या माणसाचा फक्त श्वास ऐकू येई. आतल्या खोलीत आई कण्हल्याचा आवाज आला. मग कुत्री गप्प झाली. मग अनवाणी पावलं.

घोंगडी आली. आघाड्यापुढे वाकली. हात जोडले. खुरप्यानं माती उकरली. मूळ वर आलं, आणि गार्डसाहेबांनी शिट्टी फुंकली. मी मागून झेप घेऊन कमरेला मिठी मारली.

"बोल, कोण हाय तू?" गार्डसाहेबांनी काठी उगारली. "बोल, नाई तं डोस्कं फोडतो."

शब्द नाही. आकृती मूळ छातीशी धरून नुसती उभी. माझ्या मिठीत तिचं काळीज धडधडत होतं. मी घोंगडी ओढली. आत दादा होते.

इथे कोणीही विचारील, की सख्ख्या बापाला कमरेला धरूनही तू ओळखलं कसं नाहीस? याला उत्तर एवढंच, की दादांना मी आवाजावरून ओळखत असे. गप्प असलेले दादा मी जन्मात पाहिलेच नव्हते.

"वकीलसाहेब? तुमी? काहून बोलून नाई राह्यले?" गार्डसाहेबांचा आवाज चिरकला. दादांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. वकीलसाहेब बोलत नाहीत म्हटल्यावर सगळेच दोन पावलं मागे सरले. "झपाटलं," कोणीतरी पुटपुटलं. काठी अजून वरच होती, आणि दादा त्या काठीकडे बघत होते, पण तोंड उघडत नव्हते.

एवढ्यात दुधाची बरणी घेऊन मैनाबाई आली. तिनं दोरा पाहिला, मूळ पाहिलं आणि बरणी खाली ठेवली.

"काठी खाली घ्या. कोणी बोलू नोका त्याईच्यासंगं. शनवारी दोरा बांधून झाडाले आवतन देल्लं, आतवारी मुळी नेऊन राह्यले. बांधेपर्यंत बोल्लं का मांगं पाह्यलं, तं गुण जाते. वैनीसाठी करून राह्यले ते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "दोन आतवार कोन्या मेल्यानं झाडं उपटून नेली, काय मालूम."

मी दादांची कंबर सोडली.

दादा चालू लागले. मागे न बघता, सरळ. त्यांच्या मागे आम्ही सगळे, कोणी खोकतही नव्हतं. घरात जाऊन ते आईच्या उशाशी बसले आणि ते मूळ दोऱ्यानं तिच्या दंडाला बांधू लागले. गाठ तिसऱ्या खेपेला बसली. आई डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होती. मला रडू आलं. विसाव्या शतकातल्या या माणसानं माझ्या आईसाठी काठी खायची तयारी ठेवली होती, आणि शत्रुपक्षाचा साक्षीदार मी होतो.

दादांनी मैनाबाईकडे पाहून तोंडाकडे बोट दाखवलं.

"बोला आता," ती म्हणाली.

मग दादा बोलले. दुपारी बारापर्यंत बोलले. सगळं मलाच. मध्येच आई फसकन हसली, दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

सोमवारी तीनला आम्ही सगळे घड्याळासमोर बसलो होतो. तीन वाजले, सव्वातीन झाले, ताप आला नाही. तो पुन्हा आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, मागच्या आठवड्यात गोळ्या बदलल्या होत्या. मैनाबाई म्हणाली, मुळीनं गुण दिला. दादा म्हणाले, निव्वळ योगायोग. पण आईच्या दंडावरचा दोरा त्यांनी कोणाला सोडू दिला नाही.

वर्षअखेरीला माझी वही तपासून परत आली. दादांनी ती माझ्या हातातून घेतली आणि पानं उलटत गेले. दोन आघाडे, तांबड्या दोऱ्यांसकट. त्यांच्याखाली माझी ती ओळ, धोतराद्वारे होणाऱ्या बीजप्रसाराची. आणि तिच्याखाली सरांनी लाल शाईत लिहिलं होतं: 'निरीक्षणशक्ती उत्तम.'

दादांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि आयुष्यात दुसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत.