इंदुबाईचा जावई

खांब गावच्या इंदुबाई रोह्याजवळच्या एका कंपनीत गोण्या शिवायच्या. गोण्या उचलायला रोबोट आला, तेव्हा सगळ्या बायका त्याला भिऊन लांब उभ्या राहायच्या. एकदा कलंडलेली गोणी सावरायला इंदुबाई नकळत रोबोटभोवती जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आत गेल्या आणि माणूस जवळ आल्याचं कळून त्याचा अवाढव्य हात जागीच थांबला. सुपरवायझर ओरडला, पण इंदुबाईंना हसू आवरेना.

"अगो, आख्ख्या जन्मात माझ्यासाठी कोन थांबला नाय! आमचा म्हातारा तर बाजारातपन दहा पावलं पुढं चालायचा."

त्या दिवसापासून इंदुबाई रोबोटला जावई म्हणू लागल्या. कामावर आल्या की आधी त्याची विचारपूस व्हायची. नवी पोरगी बिचकली, तर त्या तिचा हात धरून सांगायच्या, "भिऊ नको गो, गुणाचा हाय. पन जावयाच्या फार जवळ जायचं नसतं."